होडीतली मागची जागा

आमचे काका बसचे ड्रायव्हर. जन्मभर स्टिअरिंग धरलं आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. मी गाडी चालवते तेव्हा शेजारी बसून ते पायाने रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतात. तरीही माणूस लाख मोलाचा.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. दूरच्या राखीव जंगलात जायचं, जिथे रस्ताच नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी वल्हवत जायचं आणि रात्री काठावर तंबू ठोकायचा. सोबत काकू. झालं! बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकलं आणि फरशीवर चिकटपट्टीने मापात होडी आखली गेली. तंबू, स्टोव्ह, डबे, सगळं आत मांडून रोज संध्याकाळी रंगीत तालीम. काकू पुढे, वल्ह्याने होडी वळवायला अर्थातच काका मागे.

पंचाईत एकच होती. काकूंना कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ बघून त्या भागवतात, पण पाठीमागून बोललेलं त्यांना काही कळत नाही. कानातलं यंत्र भिजलं की बंद, म्हणून तालमीतही ते काढून ठेवलेलं.

"खडक! थांब!" काका मागून ओरडले. काकू आपल्या मजेत वल्हं मारत राहिल्या.

"आपटलो," काका कपाळाला हात लावून म्हणाले.

काकूंनी मागे वळून त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या पट्टीच्या बाहेर आल्या. "तुम्ही तुमच्या भावाला घेऊन जा. माझं लोढणं कशाला गळ्यात?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. कुणाशी धड बोलेनात. काकूंशिवाय जायचं त्यांच्या मनातही येत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

एका सकाळी मी गेले, तर काका फरशीवरच्या होडीत पुढे बसलेले. काकू आल्यावर वळून, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "तू मागे बस. होडी तू वळवायची. मी पुढून हाताने खुणा करीन. ऐकायचं नाही, नुसतं बघायचं."

"आणि मी चुकीची वळवली तर?"

"तर चुकू. दोघंही भिजू."

काकांच्या तोंडून हे ऐकून मला भरून आलं. काकू मागे जाऊन बसल्या. वल्हं हातात घेतलं. काकांना राहवेना. मान वळवून म्हणाले, "म्हणजे येतेस ना?"

"पुढे बघा," काकू म्हणाल्या. "खडक येईल."