ब्रेक ऑइलचा वास

परवा सर्व्हिस सेंटरमध्ये ब्रेक ऑइलचा वास आला आणि मी थेट सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात, त्या जुन्या सेकंडहँड गाडीखाली जाऊन उताणा पडलो.

गाडी इतकी म्हातारी, की सिग्नलला रिक्षावालेही तिच्याशी अदबीने वागायचे. आमच्या हिला हडपसरच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती, सोमवारपासून तीच गाडी नेणार होती, आणि ब्रेक मात्र दाबला की लोण्यात पाय घातल्यासारखा तळाला जायचा. म्हणून मी खालून ओरडत होतो, "दाब!" ती वरून, "दाबलाय!" मग मी नट सैल करून नळीतली हवा सोडायचो. हवा एवढी, की बोळातली वाळत घातलेली धोतरं फडफडली.

समोरचे आपटेकाका फाटकाशी उभे होते. "अहो, पुण्यातले मेकॅनिक संपले का?"

"संपले नाहीत, काका. माझ्याकडे शिकायला येणार आहेत."

"आणि ब्रेक नाही लागला तर?"

उत्तर हिने दिलं. गाडी सुरू करून ती थेट काकांच्या 'फाटकासमोर वाहने लावू नयेत' या पाटीवरच निघाली. काका उडाले ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीतच दिसले. गाडी पाटीपासून बोटभर अंतरावर गप्प उभी राहिली.

"लावत नाहीये हो काका," ही म्हणाली, "फक्त थांबवलीय."

तेव्हा वाटलं, बोळाने माझी कारागिरी पाहिली. आज वाटतं, पाहण्यासारखी होती ती हिची हिंमत.

"सर, ब्रेकचं काम घरी करत नसतात," माझी ही गोष्ट ऐकून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा पोरगा म्हणाला. मी किल्ली उचलली, घरी आलो आणि पाना घेऊन गाडीखाली शिरलो. गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत ही स्टिअरिंगमागे बसली.

"दाबू?"