पाच पाट्या खडी आणि एक उजरदारी

कचेरीसमोर चार वर्षं बसलं की माणसाला कायदा येवो न येवो, किस्से मात्र येतात. मागावे लागत नाहीत. धोतराला कुसळं चिकटावीत तसे चिकटतात आणि घरी आल्यावर कळतं की अरे, हाही आपल्याबरोबर आला! माझी कुसळं निजामाच्या अमदानीतली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीपुढची. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथल्या गुत्तेदारांचे नातू अजून भेटतात आणि चहाही पाजतात.

कचेरीचा कारभार उर्दूत, लोकांची गाऱ्हाणी मराठीत. मध्ये एक कडुनिंब आणि त्याखाली दोन चटया. एकीवर अर्जनवीस दस्तगीरमियाँ, त्यांना सगळे मुन्शीजी म्हणत. दुसरीवर मी. लोक मला सांगत, मी मराठीत कच्चं लिहून देई, मुन्शीजी त्याचं उर्दू करत. माझं उर्दू अक्षर बघून कचेरीतल्या पेशकारानं एकदा विचारलं होतं, "शाई सांडली का?" त्यामुळं पक्का अर्ज कुणाचाही असो, हात मुन्शीजींचाच.

*

सरकारनं एखादा ठेका एकाला दिला आणि दुसऱ्याला ते पटलं नाही, तर तो हरकतीचा अर्ज करी. त्याला उजरदारी म्हणत. मुन्शीजींची उजरदारी वाचण्यासारखी असे, कारण ती तहसीलदार साहेबांच्या तारिफेनं सुरू होई.

ईट गावचा एक बागवान आला. चिंचेच्या झाडांचा लिलाव भलत्याच्याच नावावर सुटला म्हणून रागावलेला. मुन्शीजींनी तारीफ सुरू केली. साहेबांचा न्याय झाला, दयाळूपणा झाला, घराणं झालं, आणि स्टँपाचा कागद संपला. तक्रार राहिलीच!

"आता वो?" बागवान घाबरला.

"राहू दे रे. साहेब शाने हैत, समजून घेतील."

आठ दिवसांनी खाली शेरा आला, "पढकर खुशी हुई." चिंचा मात्र दुसऱ्यानंच झोडल्या.

*

मग निघाला येरमाळ्याच्या रस्त्याच्या खडीचा गुत्ता. गुत्ता म्हणजे ठेका. अट अशी, की लाखेची मोहोर लावलेल्या लिफाफ्यात टेंडर द्यायचं आणि सोबत आपण फोडलेल्या खडीची एक पाटी नमुन्याला ठेवायची. ओव्हरसीयरकडं एक लोखंडी कडं होतं. त्यातून प्रत्येक खडा आरपार गेला पाहिजे, अडला की नमुना बाद!

पाच जणांनी टेंडर भरली. पाचही मुन्शीजींनी लिहिली आणि प्रत्येकाला वाटे, आपलं गुपित मुन्शीजींच्या पोटात एकटंच आहे. एकाचं लिहिताना दुसरा आला की मुन्शीजी कागद पालथा घालत आणि डोळे गच्च मिटत.

"कागद पालथा घातला ना? मग डोळे कशाला मिटता?" मी विचारलं.

"काय लिवलं त्ये मलाच दिसू नये म्हनून!"

*

गुत्ता सुटला उमरग्याच्या मन्मथप्पांना. गुळाचे व्यापारी. माणूस देवभोळा, बोलायला गोड, पण दगडाला हात कधी लावला असेल तर तो फक्त मैलाच्या दगडावर टेकताना. नमुना मात्र असा, की कड्यातून खडा न् खडा घरंगळत गेला!

दुसऱ्या दिवशी त्या पाचांतलाच एक, हणमंता वडार, आणि त्याची बायको येल्लम्मा झाडाखाली आले. रस्त्याकडेच्या माळावर त्यांच्या वीस झोपड्यांची वस्ती होती. मन्मथप्पा आपल्या भागातून माणसं आणणार, म्हणजे या वस्तीनं गाढवं लादून दुसरा मुलूख शोधायचा.

"तीन वर्सं एका जागी ऱ्हायलो, म्हनून दारात शेवगा लावला," येल्लम्मा म्हणाली. "जल्मात पयलं झाड. औंदा फुलावर आलंय." एवढंच बोलली आणि पदरानं नाक पुसलं. मला फार वाईट वाटलं. मुन्शीजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तारीफ चक्क दोन ओळींत उरकली!

*

हणमंताची हरकत दोन कलमी. दुसरं कलम, मन्मथप्पांची पाटी त्यांची नाही, ती वडाराच्या हातची आहे. हे ठीक. पण पहिलं कलम असं, की पाचही टेंडर एकाच अक्षरातली आहेत, म्हणजे आत काहीतरी संगनमत आहे. कुणा दीडशहाण्यानं त्याला पढवलं होतं.

मुन्शीजी शांतपणे लिहू लागले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, ते अक्षर तुमचंच आहे!"

"हौ. मग? बात खरी हाय का न्हाय? खरं हाय त्ये लिवायलाच पायजे."

आणि त्याच अक्षरात त्यांनी ते कलम पुरं केलं.

*

साहेब हैदराबादचे. हुकूम द्यायला वेळ लावत, पण प्रश्न विचारायची भारी हौस. त्यांनी सगळ्यांना सुनावणीला बोलावलं, पाच टेंडर टेबलावर मांडली, शेजारी उजरदारी ठेवली आणि अक्षरं ताडून बघितली.

"मुन्शीजी, ये पाँचों किसका हाथ?"

"हुजूर, मेरा."

"और ये शिकायत?"

"वो भी मेरा, हुजूर."

साहेबांनी चष्मा पुसला. मग पाचही पाट्या वऱ्हांड्यात मागवल्या, नावांच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि शिपायाकडून जुन्या ढिगाऱ्यातली सहावी पाटी मध्येच ठेवून घेतली. येल्लम्माला म्हणाले, "दिखाव. मन्मथप्पा की टोकरी में तुमारा पत्थर कौनसा?"

येल्लम्मा खाली बसली. पहिल्या पाटीतला खडा उचलून फिरवून बघितला. "माजा." दुसरीतला. "ह्यो बी माजा." तिसरीतला हुंगल्यासारखा जवळ धरला आणि फेकून दिला. "ह्यो न्हाय." ती सहावी होती! उरलेल्या तिन्ही तिनं आपल्याकडं ओढल्या.

"कायसे पहचाना?"

"म्या डावरी हाय, सायेब. वस्तीत समदी उजवी. माजा घाव ह्या अंगानं पडतो." तिनं डाव्या हातानं हवेत हातोडा मारून दाखवला.

"अगं, पन एक तर माजी आसंल की!" हणमंता कळवळला.

"तुमचा हात दुकत हुता न्हवं? म्याच भरली."

"बाकीयों को कायकू दी?"

"टेंडरला पायजे म्हनून कोन बोललं? ह्ये आप्पा तर नंदीच्या चौथऱ्याला पायजे म्हनले."

"यप्पा!" मन्मथप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि मान खाली घातली. बाकीचे तीन गुत्तेदार वऱ्हांड्याच्या छताकडं बघू लागले.

साहेबांनी एकदा कागदांकडं बघितलं, एकदा पाट्यांकडं.

"पाँचों लिफाफे एक हाथ के, पाँचों टोकऱ्याँ एक हाथ की. मुन्शीजी, तुमे पत्थर फोडना आता क्या?"

"नै, हुजूर."

"तो फिर लिखो हुकूम."

"किसके नाम से, हुजूर?"

साहेबांनी टाक उचलून येल्लम्माकडं रोखला. ती पाटीतली खडी सारखी करत होती.

हणमंता पुढं सरला. "आन् म्या?"

येल्लम्मानं मानही वर केली नाही. "तुमी जावा, शेवग्याला पानी घाला."