गेटबाहेरचं जेवण

माझा नवरा महाडच्या एमआयडीसीत कामगार, आणि युनियनचा पुढारी. मी पोलादपूरला शाळेत शिकवते. शाळेत मुलं माझं ऐकतात, घरी हे ऐकत नाहीत. नात्यातल्या कामगाराचं अडो की दासगावच्या कुणा परक्याचं, बोलावणं आलं की हे भरल्या ताटावरून उठून चालले. मी बडबडायचे आणि ताट झाकून ठेवायचे.

मग संप झाला आणि कंपनीने ह्यांना काढून टाकलं. पुढे तडजोडीचा निरोप आला: मागण्या मान्य, सगळ्यांना परत घेऊ, पुढारी तेवढा नको.

"मी त्यांना आत जायला सांगणार आहे," हे दाढी करता करता म्हणाले. "माझ्या एकट्यापायी सगळ्यांनी का घरी बसायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पन्नाशीच्या, काढून टाकलेल्या पुढाऱ्याला कोण दारात उभं करणार? माझ्या पगारात घर चाललं असतं, पण कामाशिवाय हा माणूस सुकून गेला असता. मला भीती त्याची होती. आमचं वाजलं आणि हे रागाने न जेवताच निघून गेले. मी रजा टाकली आणि डबा घेऊन मागोमाग कंपनीचं गेट गाठलं.

"माझा विचार करू नका," हे गेटबाहेर जमलेल्या कामगारांना सांगत होते. "दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की आत जा."

भोंगा झाला. कोणी हललं नाही. पुढे उभा असलेला सव गावचा फिटर खाली बसला आणि त्याने डबा उघडला.

"दादा, तुमचं सगळं ऐकलं. ह्ये नाय ऐकनार," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "वहिनी, डबा हाय ना? बसा."

बघता बघता सगळे रस्त्याकडेला मांडी घालून बसले. भाकरी, सुकटीची चटणी, ह्याचा हात त्याच्या डब्यात. हे एकटे उभे. ह्यांचं कोणी ऐकत नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

जेवणं उरकली तरी कोणी उठेना. शेवटी मॅनेजर बाहेर आला. सगळे या म्हणाला, ह्यांनाही या म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. तर हे म्हणतात, "लेखी द्या." मी कपाळाला हात लावला.

कागद आला. ह्यांनी तो दोनदा वाचला, पेन काढलं आणि गर्दीत मला शोधून विचारलं, "करू ना सही?"

लग्न झाल्यापासून युनियनचं काही म्हणून मला विचारलं नव्हतं. मला रडूच आलं. "करा," म्हटलं, "आणि आधी जेवा."

हे माझ्या शेजारी खाली बसले. डबा संपेपर्यंत त्यांना कोणी हाक मारली नाही.