चाळीस कप आणि गुऱ्हाळाचा जाळ

९ जानेवारी. गॅसची भट्टी उघडून चाळीस कप काढायचे, पुसायचे, खोक्यांत भरायचे. पाचगणीच्या एका हॉटेलाची ही माझी पहिली मोठी ऑर्डर. मालकीणबाईंना नमुन्याच्या कपाचा रंग आवडला होता, कोवळ्या काकडीच्या गरासारखा फिकट हिरवा. कप पसंत पडले तर पुढे ताटल्या-वाट्यांचंही काम मिळणार होतं.

हा रंग चिनी कुंभारांनी हजार वर्षांपूर्वी साधला. मला सात वर्षं लागली. झिलईत, म्हणजे कपावरच्या काचेसारख्या लेपात, किंचित लोखंड, आमच्याच उसाच्या पाचटाची राख, आणि शेवटचे काही तास धुराड्याची झडप लावून भट्टीची हवा रोखायची. धूर झालाच पाहिजे. हवा मोकळी मिळाली की तीच झिलई पिवळी पडते.

परवा दुपारी झडप लावली, धुराड्यातून काळा धूर निघाला आणि मी खोकी आणायला रहिमतपूरला गेले. "आतला शंकू वाकला की गॅस बंद करा," एवढंच यजमानांना सांगून; मातीचा तो शंकू वाकला म्हणजे भट्टी पुरेशी तापली. यजमान रिटायर्ड सुभेदार. फौजेत जाण्याआधी वडिलांच्या गुऱ्हाळावर काहिलीखाली जाळ घालायचे. मी परतले तेव्हा गॅस बंद होता आणि ते फारच खूश होते. शंका तेव्हाच यायला हवी होती.

आज दार उघडलं. चाळीसच्या चाळीस कप पिवळे.

"झडप कुणी उघडली?"

"मी. लय धूर व्हत हुता. मग कसा नितळ जाळ लागला, बघायला पायजे हुतंस!"

"धूर मीच केला होता."

"आगं, काळा धूर म्हंजे जाळणारा आळशी. गुऱ्हाळावर शेंबडं पोरगं सांगंल."

"चिनी कुंभारांना कुणी सांगितलं नाही बिचाऱ्यांना."

त्यांनी एक कप उन्हात धरला. "रंग बाकी झाक आलाय. एक नंबर गूळ."

"मग ढेपाच पाठवू पाचगणीला."

१० जानेवारी. सकाळी मी मालकीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. पिवळा चालणार नाही म्हणाल्या, पण पंधरा दिवस दिले. मग झडपेला साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, सुभेदारसाहेबांना पिवळ्या कपातून चहा दिला आणि चाळीस कपांची माती मळायला बसवलं.