आधी काय थांबलं?

खराडीतल्या आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी आरोग्यावर व्याख्यान ठेवलं होतं. मी आईला घेऊन गेलो. बाबांना स्मृतिभ्रंश झाल्यापासून थोरली आत्या आईला एकच ऐकवायची, "तू त्याला फिरणं सोडू दिलंस, म्हणून हे झालं."

डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. रोज चालणाऱ्यांत हा आजार कमी होता. आईची मान खाली गेली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुती साडी नेसलेल्या एक वयस्क बाई उठल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला, सावकाश डोळ्यांवर चढवला आणि आलेख नीट वाचला.

"अहो डॉक्टर, ही माणसं आधी चालायची थांबली, की आधी विसरायला लागली?"

"म्हणजे?"

"हा आजार निदानाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो ना? रस्ता चुकायला लागलेला माणूस फिरणं सोडतोच. तुम्ही त्याला आळशांत मोजलंत."

डॉक्टरांनी मान डोलावली. "बरोबर आहे. नुसत्या या आलेखावरून कारण ठरत नाही."

"मग तसं सांगा. चालणं चांगलंच, मीही चालते. पण घरच्यांना आरोपी करू नका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात आई वाजवत होती. गर्दीत त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रिक्षात बसताच आईने आत्याला फोन लावला. "वन्सं, हे कसब्यात आपल्याच घराचा रस्ता दोनदा चुकले, त्यानंतर त्यांनी फिरणं सोडलं. माझ्यामुळे झालं असं पुन्हा म्हणायचं नाही."

आत्याशी बोलताना आईने आधी फोन ठेवला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.