शीटवरून राहून गेलेलं नाव

वसुधा गेल्याचा निरोप सबीहा घेऊन आली. वसुधा बास्केटबॉलची कोच, सबीहा ही तिची सगळ्यांत लाडकी खेळाडू. दारातच उभी राहून म्हणाली, "आंटी, दीदी नहीं रहीं." कावीळ अंगावर काढली होती बाईने, संघ स्पर्धेला निघाला होता ना! पस्तिशीही पुरती ओलांडली नव्हती...

आठवड्याने आमच्या या उत्तरेकडच्या शहरातल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वसुधाला मीच घडवलं." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसले होते. शोकसभेत भांडू नये, एवढी अक्कल मला आहे. पण आज पाच आठवडे झाले, राग तसाच आहे, आणि हा लेख मी त्या रागातच लिहिते आहे.

सर म्हणजे आमच्या वेळचे मुलींच्या बास्केटबॉल संघाचे मॅनेजर. आपल्यातलेच, पुण्याकडचे, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे. वसुधा मूळची साताऱ्याची, वडील एअर फोर्समध्ये, घर शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या हवाई तळावरच्या क्वार्टरमध्ये. तिथून बसला लोंबकळत पहाटेच्या प्रॅक्टिसला यायची आणि होस्टेलवाल्या आम्ही मात्र उशिरा पोचायचो. मी खेळायचे बेताचंच. ती मात्र कोर्टवर उतरली की रिक्षावालेसुद्धा कुंपणाशी थांबायचे. शेवटच्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. त्या मॅचला राष्ट्रीय शिबिरासाठी निवड करणारे बसणार होते, आणि ते वसुधालाच बघायला येणार हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

आमच्या खेळात मॅचआधी मॅनेजरने स्कोअरशीटवर नावं भरून सही करायची असते. शीटवर नाव नसेल तर खेळता येत नाही. वसुधा बुटांच्या नाड्या आवळून उभी राहिली आणि टेबलावरचा माणूस म्हणाला, "इनका नाम तो शीट में है ही नहीं." आम्हाला वाटलं, घाईत चूक झाली असेल. समोरच्या संघाच्या मॅनेजर बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "लिख लीजिए, हमें कोई ऐतराज़ नहीं." टेबलवालाही तयार होता. पण आमचे सर! शांतपणे म्हणाले, "नाही, नियम तो नियम. राहून गेलं, बेटा, आता काय करणार?" तिच्या जागी सरांची मुलगी खेळली, एरवी ती आमच्या संघात राखीव असायची. आम्ही हरलो, पण शिबिराला सरांची मुलगी गेली. वसुधा पूर्ण वेळ बाकावर बसून होती. रडली नाही. मी मात्र बसमध्ये हमसून हमसून रडले आणि मनातल्या मनात सरांना अशा शिव्या घातल्या की त्या इथे छापता येणार नाहीत.

पुढे ती प्रशिक्षणाचा डिप्लोमा करून आली आणि सरकारी कोच म्हणून नोकरीला लागली. बाई कोच म्हटल्यावर आधी लोक हसले, मग तिच्या मुली जिंकायला लागल्यावर गप्प बसले. आणि एका फायनलला समोरच्या बाकावर सर आले, एका क्लबचे मॅनेजर म्हणून. सुरुवातीलाच टेबलावर गडबड झाली. सरांच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूचं, याच सबीहाचं, नाव शीटवर नव्हतं. या वेळी खरंच चुकून. सर घाम पुसत वसुधाकडे आले. "अगं, एक नाव राहिलंय. तू हो म्हणालीस तर लिहून घेतील. आपलंच घर आहे."

वसुधा म्हणाली, "नियम तो नियम, सर."

मी प्रेक्षकांत होते. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. वसुधाचा संघ जिंकला. तिला ओढत अमीनाबादच्या बाजारात नेलं, कुल्फी मागवली. तिची तशीच वितळली. म्हणाली, "नले, सरांचं काही वाटत नाही गं. पण ती पोरगी माझ्यासारखीच बसली होती बाकावर." दुसऱ्या दिवशी इंदिरा नगरला सबीहाच्या घरी जाऊन तिच्या अम्मीसमोर तिने माफी मागितली आणि पोरीला आपल्या संघात यायला सांगितलं. सरांची सगळ्यांत चांगली खेळाडू गेली. बदला म्हणून मला हे जास्त आवडलं. वसुधाला बदला हा शब्द आवडला नाही, पण ती हसली होती, हे मी पाहिलं आहे.

त्यानंतर तिच्या संघात एक रीत पडली. शीट भरली की बाराही मुलींनी टेबलाशी येऊन आपापल्या नावावर बोट ठेवायचं; शेवटचं बोट टेकल्यावरच दीदी सही करणार. परवा मैदानावर गेले तर सबीहा पोरींना रांगेत उभं करून तेच करून घेत होती. एक लहानगी बुजून मागे राहिली होती. "बेटा, अपना नाम ढूँढो," म्हणत सबीहा पेन हातात धरून थांबली. मला तिथे उभं राहवेना.

त्याच संध्याकाळी सरांच्या मुलीचा फोन आला. "नलिनी, तू लिहिते आहेस असं कळलं. बाबा म्हणताहेत, त्यांचाही उल्लेख असू दे."

उल्लेख केला आहे, सर. नाव तेवढं राहून गेलं.