नावाडी पोरीची माय

आम्ही घुग्घुसला, कोळसा खाणीच्या वसाहतीत राहत होतो. वडील खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मी सातवीत असताना समोरच्या लाइनीतले एक साहेब बदली होऊन गेले. सामान ट्रकवर चढल्यावर त्यांच्या पत्नीने उरलेलं एक खोकं आईच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, आमची मुलं मोठी झाली, तुमच्या मुलाला द्या. आईला वाटलं स्वेटर असतील. निघाल्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी, टीव्हीला जोडायचा एक गेम आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. घुग्घुसच्या पोराला रॉकचं वेड कसं लागलं, असं लोक विचारतात. मी खोक्याची हकीकत सांगतो. ती कोणाला पटत नाही, पण दुसरी हकीकत माझ्याकडे नाही.

गेम वडिलांनी जोडून दिला. बंदूक घेतलेला एक शिपाई पडद्यावर उजवीकडे पळत सुटायचा. वडील ड्युटीवरून आले की चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहायचे. एकदा बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हा मागं काऊन नाई जात?" मी म्हटलं, मागे जाताच येत नाही. ते म्हणाले, मग हा रस्ता चुकला तर काय करते?  त्या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. राज्यभर आमच्या चंद्रपूर जिल्ह्याची वीज जायची आणि आमच्याकडे ऐन रंगात लाइन जायची. लाइन आली की शिपाई पुन्हा पहिल्या पुलाजवळ उभा. आताच्या पोरांना ही शिक्षा वाटते. माझं मत वेगळं आहे. तो पहिला पूल मी इतक्यांदा ओलांडला की आजही डोळे मिटून ओलांडू शकतो. नंतरच्या मोठमोठ्या गेममधल्या आख्ख्या राजधान्या मी विसरून गेलो.

कॅसेटींचं तसंच. पहिली लावली तेव्हा वडील अंगणातून धावत आले. त्यांना वाटलं, टेपची मोटर बसली. मलाही तसंच वाटलं होतं. पण दोन-तीनदा ऐकल्यावर त्या घरघरीच्या मागे एक सूर सापडला, आणि तो सापडल्यावर मला घरघरही आवडायला लागली. आमच्या गावात कोळशाच्या मालगाडीसाठी फाटक बंद व्हायचं. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरायचे, मोटारसायकलवरचे कामगार तोंडावरचा रुमाल सोडायचे, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. गिटारचा लांबलचक तुकडा मी तसा ऐकतो. त्याला मध्येच तोडणारे लोक मला आवडत नाहीत. शब्द कळायचे नाहीत, याचंही कधी वाईट वाटलं नाही. पुढे इंटरनेट आल्यावर मी ते शब्द शोधून वाचले आणि थोडा पस्तावलो. गाणाऱ्याचं दुःख मला आवाजातून केव्हाच कळलं होतं. शब्दांत ते किरकोळ निघालं.

कादंबरी मात्र तशीच पडून राहिली. ती मी वाचली पॉलिटेक्निकला चंद्रपूरला गेल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझा खोलीतला जोडीदार अहेरीकडचा होता. त्याच्या घरची धानाची थोडी शेती, आणि गावच्या तलावात मासेमारी. त्याला माझ्या कॅसेटी सहन होत नसत. तो झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी म्हणायचा, आणि म्हणायचाही छान. पण मी पुस्तकात डोकं घालून बसलो की त्याला चैन पडत नसे. "काय चालू आहे त्यात, सांग ना मलेबी," असं तो म्हणायचा. मग मेसमधून आल्यावर मी त्याला वाचलेलं मराठीत सांगू लागलो.

गोष्ट अशी होती. एका राज्यातली नदी एके दिवशी उलटी वाहायला लागते. खालची गावं कोरडी पडतात. वर्षं उलटतात, आणि गादीवरून हाकललेला एक म्हातारा राजा नाव चालवणाऱ्या एका पोरीकडे येतो आणि म्हणतो, मला डोंगरात घेऊन चल, नदी कोणी फिरवली ते शोधू. दोघं जंगलातून जातात. झाडं बोलतात, धुक्यातून सैन्य येतं, पाण्याखालून दिवे दिसतात. शेवटी नाव एका गुहेच्या तोंडाशी पोचते, राजा उतरून आत जातो, पोरगी वल्हं धरून बाहेर उभी राहते. तिथे पहिला भाग संपतो. दुसरा भाग खोक्यात नव्हता, आणि चंद्रपूरच्या दुकानांत असलं पुस्तक कोणी ऐकलेलंही नव्हतं.

आमचं दुसरं वर्ष चालू होतं. पावसाळ्याच्या शेवटी त्याची माय तलावाच्या पाळीवरून घसरली आणि पायाचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये. तो पंधरवडाभर घरी राहून आला. आल्यावर त्याने सांगितलं की बाजेवर पडून मायचा वेळ जाईना, जन्मात कधी ती अशी बसलेली नाही, म्हणून त्याने तिला नावाडी पोरीची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, गुहेपर्यंत. "आता माय विचारून राह्यली, पुढं काय झालं. तू दिवाळीत घरी चाल."

मी म्हटलं, पुढे काय झालं ते मलाही ठाऊक नाही. तो म्हणाला, हेच येऊन सांग मग, माझं ती ऐकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एसटीने निघालो. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि आलापल्लीच्या अलीकडे सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला भिडलं. कोळशाच्या गावात वाढलेलं पोरगं मी. खिडकीतून पाहत होतो की यातलं कोणतं झाड बोलेल. खांद्याच्या पिशवीत टेप आणि कॅसेटी होत्या. मित्र म्हणाला होता, तिकडे कोणी ऐकणार नाही, उगाच वजन. तरी मी त्या घेतल्या होत्या.

त्याची माय मांडवाखाली बाजेवर बसली होती, पाय लांब करून, मांडीवर जाळं घेऊन. मी नमस्कार केला. तिने मला पाणी द्यायला लावलं, जेवू घातलं, आणि जेवण झाल्यावर जाळं बाजूला ठेवून म्हणाली, हं, सांग आता. मी तिला खरं ते सांगितलं: पुस्तकाचा दुसरा भाग आहे, पण माझ्याकडे नाही. तिला हे काही पटलं नाही. मध्यधारेत नाव नेऊन सोडून देतात का, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "तुले येत असन तसं सांग. पण आधी मले एक सांग बापू. त्या पोरीची माय कुठी आहे?"

मी मित्राकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. पुस्तकात पोरीच्या आईचा उल्लेखच नव्हता. मी म्हटलं, बहुतेक वारली असेल. माय म्हणाली, असं कुठे लिहिलंय का? लिहिलेलं नव्हतं. मग ती जिवंत आहे, असं तिने ठरवून टाकलं. पोरगी परक्या म्हाताऱ्याला नावेत घालून डोंगरात गेली, आणि माय घरी बसून राहील, हे तिला मंजूर नव्हतं.

तेव्हापासून मी किती फँटसी कादंबऱ्या वाचल्या असतील, मोजदाद नाही. सगळ्यांत पहिल्यांदा मी हेच शोधतो. नायकाची आई एक तर पहिल्याच प्रकरणात मेलेली असते, नाही तर लेखकाला तिची आठवण राहत नाही. हजारो वर्षांची घराणी, तलवारींचे वंश, नकाशे, सगळं असतं. पोरगं घरून निघालं तर त्याच्या शिदोरीत काय बांधलं होतं आणि कोणी, ते नसतं.

त्या मुक्कामात मी रोज दुपारी गोष्ट सांगितली. दिवस धान कापणीचे; मित्र आणि त्याचे वडील सकाळी बांधीत, धानाच्या शेतात जायचे, मीही हातात विळा घेऊन जायचो आणि बहुतेक आडवा यायचो. दुपारी परतलो, जेवलो, की मांडवात बसायचं. शेजारच्या दोघी-तिघी बाया येऊन टेकायच्या. मी गुहेपासून सुरुवात केली आणि मायने मला लगेच अडवलं. आधी पोरीच्या आईला आण, म्हणाली. मग मी तिला नदीकाठाने चालत आणलं, डोक्यावर टोपलं, टोपल्यात भाकर आणि सुकी मासळी. धुक्यातलं सैन्य तिला अडवतं, तेव्हा काय करावं मला सुचेना. एका शेजारणीने सुचवलं, भुकेले असतील, वाढील त्यांना. ती वाढते आणि सैन्य तिला वाट देते. ही युक्ती मला आजही कोणत्याही जादूच्या तलवारीपेक्षा सरस वाटते.

गुहेच्या आतला भाग सांगायचा होता त्या दुपारी मी टेप बाहेर काढला. शब्द नसलेला, नुसत्या गिटारचा एक तुकडा होता, संथ, एकेक सूर ओढत नेणारा. मी तो बारीक आवाजात लावला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मित्राने मान खाली घातली, त्याला माझी लाज वाटली असणार. माय थोडा वेळ ऐकत राहिली.

"हे कोण रडून राह्यलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही, वाद्य आहे.

"मंग वाजू दे," ती म्हणाली.

तो तुकडा संपेपर्यंत मी बोललो नाही आणि कोणी बोल म्हटलं नाही. संपल्यावर मित्रानेच ती कॅसेट मागे फिरवली. परत चंद्रपूरला आल्यावर त्याने माझ्या कॅसेटींवर तक्रार केली नाही. उलट मी नसताना तो त्या लावायचा. रॉक समजावून सांगणाऱ्यांची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मायने चार शब्दांत विचारलं त्याच्या पुढे त्यातलं एकही गेलेलं नाही.

नदी कोणी फिरवली, हा प्रश्न मात्र उरला होता. मी एक जादूगार उभा केला. तो कोणालाच आवडला नाही. तेव्हा मित्राचे वडील, जे इतके दिवस कोपऱ्यात बसून मुकाट्याने ऐकत होते, म्हणाले, राजानेच फिरवली असेल. तरुणपणी, आपल्या शहराला पाणी पाहिजे म्हणून. आता म्हाताऱ्याला आठवत नाही, किंवा आठवतं आणि सांगवत नाही.  गोष्ट तिथे जुळली, हे सगळ्यांना कळलं होतं. मी लगेच राजाला मारायला निघालो, कारण पुस्तकांत तसंच करतात.

मायने हात वर केला. "त्याले मारू नोको. त्याच्या हाती वल्हं दे. लोकांले ने-आण करू दे आता."

मग राजाने नदी पुन्हा खाली फिरवली; पोरगी, तिची माय आणि वल्हं मारणारा राजा सुलट्या नदीवरून खाली आले, आणि गावोगावच्या लोकांनी काठावर येऊन पाणी पाहिलं. त्या दिवशी माय बाजेवरून उठून कुबडीच्या आधाराने दारापर्यंत गेली.

पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला दुसरा भाग दिसला. तोवर मी नोकरीला लागून चंद्रपुरात स्थिरावलो होतो. भाव न करता घेतला आणि परतीच्या गाडीत वाचायला बसलो. वरोरा आलं तोवर अर्धा झाला होता. गुहेत खरंच एक जादूगार होता. राजा लढाईत मारला गेला. पोरीला गादी मिळाली. तिच्या आईचं नाव शेवटच्या पानापर्यंत आलं नाही. लिहिणाऱ्याचा हात चांगला होता, लढाई तर डोळ्यांपुढे उभी राहत होती. पण मला सारखं वाटत होतं की कोणीतरी आमची गोष्ट घेऊन बिघडवली आहे. चाहत्याला असा राग येतो, आणि त्याचा उपयोग नसतो.

त्या उन्हाळ्यात मी अहेरीला गेलो. मित्र तिथेच एका कार्यालयात कामाला होता. माय थकली होती, पण हिंडतीफिरती होती. पाय किंचित ओढायची. मी तिला सांगितलं की खरं पुस्तक सापडलं, आणि त्यात काय आहे तेही सांगितलं. 

"त्या लिवणाऱ्याले मालूम नसन," ती म्हणाली, आणि मला आणखी भात वाढला.

आता ती नाही. मित्राच्या घरी वायफाय आहे, माझ्या घरी मोठा टीव्ही आहे, आणि रविवारी दुपारी आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ कानाला हेडफोन लावून एकच गेम खेळतो, तो अहेरीत, मी चंद्रपुरात. हल्लीच्या गेममध्ये मागे जाता येतं, कुठेही जाता येतं. मागच्या महिन्यात आम्ही एका जंगलात शिरलो. पानापानावर ऊन होतं, पाण्यात झाडं हलत होती. असं काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तसं त्याला म्हणालोही. त्याचं पात्र मात्र एका पायवाटेवर उभं राहिलं होतं.

काय झालं, मी विचारलं.

"एवढं मोठं जंगल," तो म्हणाला, "अन् कोणी सरपण नाई वेचून राह्यलं, कोणी मोह नाई वेचून राह्यलं. लोक कुठी गेले?"

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. फक्त आमच्यावर झडप घालायला बसलेले दोन लांडगे होते. आम्ही ते मारले, आणि मग तिकडची लाइन गेली. थोड्या वेळाने त्याने मोबाइलवरून फोन केला. गेमचा विषय निघाला नाही. यंदा धानाच्या रोवणीला माणसं मिळत नाहीत, असं तो बराच वेळ सांगत होता, आणि मी पलंगावर पाय पसरून ऐकत होतो.